खेचराची गोष्ट

"घंटा काढ," मी म्हणालो.

ताता सातुर्निनोनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग हातात दोर धरलेल्या पांढऱ्या घोडीकडे. आम्हा दोघांपैकी कुणाला वेड लागलं आहे, हे तो ठरवत असावा.

"हिच्या गळ्यातली?" त्यानं विचारलं.

"हो. इथून पुढे दोन कोस शत्रूच्या ठाण्याखालून जायचं आहे. आवाज नको."

"घंटा काढली तर खेचरं यायची नाहीत, कर्नलसाहेब."

"का यायची नाहीत? वाट दिसते आहे, पुढे घोडी दिसते आहे."

"दिसतेय तोवर येतील," तो म्हणाला.

त्या वेळी मी सत्तावीस वर्षांचा होतो. स्पेनच्या राजाला आमच्या मुलखातून हाकलण्यासाठी मुक्तिसेना अँडीजच्या डोंगरात शिरली होती आणि त्या सेनेत मी कर्नल होतो. कर्नल कसा झालो, तर माझ्या आधीचे दोघे तापानं गेले म्हणून. पण हे मला तेव्हा पटलं नसतं. माझ्या खांद्यावरच्या पिशवीत युद्धशास्त्राचा एक दोन खंडांचा फ्रेंच ग्रंथ होता आणि आपली बढती त्या ग्रंथामुळेच झाली अशी माझी समजूत होती. त्यातल्या गुप्त कूच या प्रकरणात स्पष्ट लिहिलं होतं, की चाकांना चिंध्या गुंडाळाव्यात, कुत्र्यांची तोंडं बांधावीत आणि वाजणारी प्रत्येक वस्तू काढून ठेवावी. मी ते पान उघडून ताताला वाचून दाखवलं.

त्यानं टोपी काढून ऐकून घेतलं. "हे लिहिणाऱ्याकडे खेचरं किती होती?"

"तो मोठा सेनानी होता."

"म्हणजे नव्हती."

ताता म्हणजे बाबा. त्या डोंगरात वयस्क माणसाला असंच हाक मारतात. सातुर्निनो खेचरांच्या तांड्याचा मालक होता, पन्नाशी ओलांडलेला, पायानं थोडा फेंगडा. तांडा कसा चालतो हे त्यानं मला आदल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. खेचराचा बाप गाढव आणि आई घोडी. बापाची ते कधी आठवणही काढत नाही, पण घोडी भेटली की तिच्यामागे जातं, मग ती कुणाची का असेना. म्हणून प्रत्येक तांड्यात एक म्हातारी घोडी असते. तिच्या पाठीवर ओझं लादत नाहीत, गळ्यात फक्त घंटा बांधतात. तिला मद्रीना म्हणतात, म्हणजे मानलेली आई. खेचरं कितीही पांगली तरी त्या घंटेच्या आवाजावर गोळा होतात. मी शहरात वाढलेला, नोटरीचा मुलगा. मला ही सगळी अडाण्यांची समजूत वाटली होती.

"हुकूम मोडलास तर लष्करी न्यायालयापुढे उभं करीन," मी म्हणालो.

तातानं घोडीच्या गळ्यातला पट्टा सोडला, घंटा माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "मग ही तुम्हीच सांभाळा." मी तिच्यात माझे जास्तीचे लोकरी मोजे कोंबले आणि ती पिशवीत दोन खंडांच्या मधोमध ठेवली.

आमच्याबरोबर बेचाळीस खेचरं होती आणि प्रत्येकाच्या पाठीवर दारू नाहीतर काडतुसं. तिकडे बार्रोसा नदीच्या दगडी पुलावर माझा मेहुणा, मेजर बासिलिओ, सत्तर माणसांनिशी अडकून पडला होता. माणशी आठ काडतुसं उरली होती. त्याचा निरोप आला होता, की उद्या दुपारपर्यंत धरून ठेवतो, पुढचं देव जाणे आणि तू जाण. माझी बहीण आठव्या महिन्यात होती. निघताना तिनं मला दुसरं काहीच सांगितलं नव्हतं, फक्त "ह्यांना घेऊन ये" एवढंच म्हणाली होती. आता ती दुपार यायला चार तास होते आणि मधे ते ठाणं होतं.

आम्ही निघालो. सगळ्यांच्या पुढे मी, माझ्यामागे घोडीला घेऊन ताता, मग खेचरं आणि शेवटी सार्जंट बेनितेस आणि त्याचे बारा शिपाई. पहिला ओढा ओलांडला आणि दरीत धुकं उतरलं. मला आनंद झाला. ठाण्यावरून आता आम्ही दिसणार नव्हतो आणि आवाज तर मी बंदच केला होता. खरोखर, काय शांतता होती ती. खुरांचा खडखडाट नाही, फुरफुरणं नाही, ओझ्यांची करकर नाही. इतकं शिस्तीत चालणारं दळ मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि हे माझ्या एका हुकमानं घडलं होतं. सरसेनापतींना अहवाल लिहिताना पहिलं वाक्य काय टाकावं याचा मी विचार करू लागलो. वाटेत तातानं दोनदा माझ्या खांद्याला हात लावला. मी दोन्ही वेळा मागे न बघता ओठांवर बोट ठेवलं.

तासाभरानं वाटेत एक मोठा धोंडा आला. त्याला वळसा घालताना मी सहज मागे पाहिलं. ताता होता. घोडी होती. घोडीच्या मागे धुकं होतं.

"खेचरं कुठं आहेत?" मी विचारलं.

"मागं राहिली."

"किती?"

"सगळी."

वरातीमागून घोडं ही म्हण मी ऐकली होती. इथं घोडं पुढे आलं होतं आणि वरातच नाहीशी झाली होती. "कधीपासून?" मी विचारलं.

"ओढ्यापासून. धुकं आलं, घोडी दिसेना, घंटा ऐकू येईना. मग ती कशाच्या मागं येतील? जिथं गवत दिसलं तिथं गेली असतील."

"मग सांगितलं का नाहीस?"

"दोनदा सांगायला आलो. तुम्ही गप्प बसवलंत."

मी त्या धोंड्यावर बसलो. नेमक्या त्याच वेळी खालच्या बाजूनं, दूरवरून बार ऐकू येऊ लागले. पुलावर चकमक सुरू झाली होती. प्रत्येक बाराबरोबर बासिलिओच्या माणसांपाशी एकेक काडतूस कमी होत होतं, आणि त्यांची काडतुसं माझ्या अकलेमुळे डोंगरभर चरत फिरत होती. मला रडू आलं. मी तातासमोर चक्क रडलो, हेही लिहून टाकतो.

तातानं हात पुढे केला. मग म्हणाला, "घंटा द्या."

मी पिशवीतून घंटा काढली. त्यानं आतले मोजे ओढून काढले, घडी केली आणि माझ्या हातात दिले.

आम्ही ओढ्यापाशी मोकळ्या जागेत परत आलो. तातानं घोडीला घंटा बांधली आणि तिला गोल गोल चालवू लागला. अर्ध्या तासात खेचरं येऊ लागली. धुक्यातून एकेक बाहेर पडायचं आणि जसं काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं घोडीजवळ येऊन उभं राहायचं. त्यांच्यामागून सार्जंट बेनितेसचे शिपाई आले. ते मात्र चिखलानं माखले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर सगळं काही झालं होतं. मी सार्जंटला हुकूम दिला, की प्रत्येक खेचर पुढच्याच्या शेपटाला दोरानं बांधा. हा हुकूम तातानं मला कानात सांगितला होता.

घंटा खेचरांनी ऐकली, तशी ठाण्यावरच्या राजाच्या शिपायांनीही ऐकली. वरून बिगूल वाजला.

"अर्ध्या तासात खाली येतील," ताता म्हणाला. आम्ही दोघं रांगेच्या पुढे होतो, बाकीचे मागे दोर बांधण्यात गुंतले होते. त्यानं घोडीच्या गळ्यातली घंटा सोडली. "आता खेचरं बांधलेली आहेत. घंटेशिवाय येतील, ओढावी लागतील, पण येतील. तुम्ही घोडी घेऊन पुलाकडे जा. मी घंटा घेऊन ह्या उजव्या घळीनं वर जातो. ते आवाजामागं येतील."

"मी जातो," मी म्हणालो.

हे वाक्य मी पुढे कितीतरी वेळा आठवलं आहे आणि दर वेळी मला थोडं बरं वाटलं आहे. पण खरं सांगायचं तर ते मी जरा हळूच म्हणालो होतो.

"तुम्हाला घळ माहीत नाही," तो म्हणाला. "शिवाय घंटा नुसती हलवून भागत नाही. घोडी चालते तशी वाजली पाहिजे, चढावर सावकाश, सपाटीला पटपट. नाहीतर त्यांच्यातही तांडेवाले असतील, त्यांना कळेल."

"परत कसा येशील?"

"वर गेल्यावर बघू." त्यानं घोडीच्या मानेवर हात फिरवला. "हिचं नाव रोसेंदा. हिच्याशी बोलत राहा. गप्प माणसाबरोबर ही चालत नाही."

"काय बोलू?"

"काहीही. मी घरातल्या भानगडी सांगतो."

मग तो निघाला. फेंगड्या पायांनी, खेचरं मागं लागू नयेत म्हणून घंटेचा लोलक मुठीत धरून धुक्यात शिरला. सार्जंट बेनितेसनं मागून विचारलं, "कर्नलसाहेब, तो ठाण्याच्या बाजूला कुठं चालला?" मी म्हणालो, "तुझं काम कर." खुलासा करायला वेळ नव्हता हे खरं. पण खुलासा करायचा तर घंटा आधी कुणी काढायला लावली इथपासून सुरुवात करावी लागली असती, हेही तितकंच खरं.

मी रोसेंदाचा दोर धरला. ती जागची हलेना. मला घरातल्या भानगडी सांगता येईनात. आमच्या घरात सगळे जण नोटरीसारखं बोलत. शेवटी मला जे एकच पाठ येत होतं ते मी म्हणू लागलो. गुप्त कुचीचं प्रकरण मी त्या घोडीला पहिल्या वाक्यापासून ऐकवलं आणि ती चालू लागली. प्रकरण संपलं तेव्हा ती थांबली, म्हणून मी ते पुन्हा म्हटलं. मग तटबंदी, मग वेढा, मग घोडदळाची निगा. त्या ग्रंथाचा एवढा उपयोग दुसऱ्या कुणाला झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

उजवीकडून, उंचावरून घंटा ऐकू येत होती. चढावर सावकाश, सपाटीला पटपट. खेचरांचे कान तिकडे वळत होते, दोर ताणले जात होते आणि शिपाई शिव्या देत त्यांना ओढत होते. राजाच्या शिपायांच्या हाका आम्हाला स्पष्ट ऐकू आल्या. ते आमच्या डोक्यावरून उजवीकडे पळत गेले. घंटा आणखी वर गेली, आणखी लांब. आम्ही पुलाच्या जवळ पोहोचलो तेव्हा ती थांबली. मी घोडीशी बोलायचा थांबलो आणि कान दिले, पण पुलावरच्या बारांखेरीज काही ऐकू आलं नाही.

बासिलिओ जिवंत होता. सत्तरातले पंचावन्न जिवंत होते आणि त्यांच्यातल्या बहुतेकांपाशी एकही काडतूस नव्हतं. पंधरा मिनिटं उशीर झाला असता तर मी हे लिहायला राहिलो असतो, ते राहिले नसते. काडतुसं वाटली, पूल टिकला, संध्याकाळच्या आत शत्रू माघारी फिरला. बासिलिओनं दारूच्या धुरानं काळ्या झालेल्या हातांनी मला मिठी मारली.

"आम्ही इथून सगळं ऐकत होतो," तो म्हणाला. "घंटा वर जाते आहे आणि ते मूर्ख तिच्यामागे. मेहुण्या, काय डोकं आहे तुझं. मोकळ्या खेचराच्या गळ्यात बांधून हाकललंस ना घळीत?"

त्याच्यामागे शंभर एक डोळे माझ्याकडे लागले होते. त्या माणसांना जगल्याचा आनंद झाला होता आणि तो कुणाच्या तरी नावावर टाकायची त्यांना घाई होती. मी बोलायला तोंड उघडलं. घंटा मी काढायला लावली, खेचरं मी घालवली, तुमचे पंधरा जण त्या वाया गेलेल्या वेळात गेले असतील, आणि घळीत खेचर नाही, माणूस आहे. एवढंच सांगायचं होतं.

मी मान डोलावली.

त्यांनी मला खांद्यावर घेतलं. शोधाला मी माणसं पाठवली ती तिसऱ्या दिवशी. आधी पाठवली असती तर कुणाच्या शोधाला हे सांगावं लागलं असतं. त्यांना घळीत काही सापडलं नाही. त्या आधीच सार्जंट बेनितेसनं आपण जे पाहिलं ते प्रामाणिकपणे सांगितलं होतं, की धांदलीत खेचरवाला शत्रूच्या दिशेनं चालता झाला; माणसं पळपुट्याच्या शोधाला गेली असंच सगळे समजले. हजेरीपटात त्याच्या नावापुढे 'पळाला' असं लिहिलं गेलं. ते अक्षर माझं नव्हतं. खाली सही माझी होती.

दहा दिवसांनी त्याची बायको आली. युलोहिया तिचं नाव, ठेंगणी, डोक्यावर फेल्टची काळी टोपी. खालच्या गावात मला एक चांगलं घर राहायला दिलं होतं आणि त्या दिवशी दुपारी सरसेनापती येऊन माझ्या छातीवर पदक लावणार होते. मी नवा गणवेश घालून आरशासमोर उभा होतो. ती खेचरं न्यायला आली होती. पुलापाशी जाऊन, कुरणात जाऊन तिनं एकेक जनावर अंगावर डागलेली खूण बघून ओळखलं होतं.

"अडतीस कुरणात आहेत," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "चार पुलापाशी मेली, त्यांचीही कातडी मी बघितली. आमची बेचाळीसच होती, साहेब. एकही कमी नाही. मग घंटा बांधून घळीत सोडलं ते खेचर कुणाचं?"

पुऱ्या मुक्तिसेनेत हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता. मी दार लावून घेतलं आणि तिला सगळं सांगितलं, जसं घडलं तसं. मोजेसुद्धा सांगितले. ती ऐकत असताना एकदाच तिनं टोपीची कड धरली आणि सोडली.

"बाहेर अंगणात माझी माणसं बसली आहेत," ती म्हणाली. "दोन दीर आहेत, बाकी तांडेवाले. गावात आमच्या दारावर लोक थुंकतात. माझ्या लेकीचं लग्न ठरलं होतं, ते मोडलं. मला तुमचं काही नको. बाहेर या आणि एवढंच सांगा, की ते पळाले नाहीत."

मी कॉलर नीट केली आणि दारापर्यंत गेलो. कडीला हात लावला. पलीकडे माणसांची कुजबुज होती आणि त्याच्याही पलीकडे, चौकात, बँडवाले वाद्यं जुळवत होते. मी वळून तिला विचारलं, "उद्या सांगितलं तर चालेल का?"

तिनं कडीवरच्या माझ्या हाताकडे पाहिलं. तिला राग आला असता तर मला सोसलं असतं. पण तिला माझी दया आली.

"बसा, साहेब," ती म्हणाली. "अडलेल्या जनावराला पाण्यात ढकलायचं नसतं. ते बुडतं आणि ओझंही बुडवतं. मी उद्या येईन."

ती बाहेर गेली. कर्नलसाहेबांची तब्येत बरी नाही असं तिनं तिच्या माणसांना सांगितलेलं मी दाराआडून ऐकलं. दुपारी मला पदक मिळालं. दुसऱ्या दिवशी ती आली, पण मी सकाळीच दक्षिणेच्या तुकडीकडे बदली मागून निघून गेलो होतो.

या गोष्टीला चव्वेचाळीस वर्षं झाली. मी पुढे जनरल झालो, आणखी सात लढाया केल्या आणि त्यांतल्या दोन जिंकल्या. पण लोकांना माझी तीच एक लढाई माहीत आहे. शाळेत मुलांना ती शिकवतात आणि नगरभवनात तिचं चित्र आहे. चित्रातलं खेचर फार सुंदर काढलं आहे. दर वर्षी त्या तारखेला मला बोलावतात आणि ती गोष्ट माझ्या तोंडून ऐकतात.

या वर्षी मी खरी गोष्ट कागदावर लिहून नेली होती. सहा पानं होती, कोटाच्या आतल्या खिशात. सभागृह भरलं होतं. मी उभा राहिल्यावर लोकही उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. टाळ्या थांबल्या तेव्हा मी खिशाला हात लावला, घसा साफ केला आणि त्यांना खेचराची गोष्ट सांगितली. छान रंगली.

म्हणून ही पानं मी छापखान्यात पाठवतो आहे. स्वतः घेऊन जात नाही. गेलो तर वाटेतून परत येईन. मी मान डोलावली तेव्हा जे पंचावन्न जण वाचले होते, त्यांची नातवंडं आता वाचू-लिहू शकतात. त्यांनी एवढं वाचावं. घळीत खेचर नव्हतं. त्या माणसाचं नाव सातुर्निनो चोकोबार होतं, आणि तो पळाला नव्हता. पळालो होतो तो मी.